जपलीय कसली!

परवा पंपावर पेट्रोल भरायला थांबलो होतो, मी आणि आत्या. आमच्या मागं स्कूटीवर एक काका होते, साठी कधीच ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी. ते स्टँड लावून उतरले, पुढं आले आणि काही न बोलता आमच्या जुन्या फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवला, मग हेडलाइटच्या क्रोमच्या रिंगवरून, मग दाराच्या हँडलवरून. "काय जपलीय हो गाडी तुम्ही! आमच्या मालकांकडं हीच होती, ह्याच रंगाची." मी हसले. गाडी रस्त्यावर आल्यापासून हे कुणी ना कुणी म्हणतंच आणि त्यावर हसण्याशिवाय दुसरं काय करणार. पण शेजारी बसलेल्या आत्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शाळेत पोरांना गप्प करायच्या आवाजात म्हणाली, "जपलीय कसली! पंचवीस वर्षं वखारीत पडून होती." काकांचा हात हवेतच राहिला. पंपावरचा पोरगा फिस्सकन हसला. मी घाईघाईनं कोड स्कॅन केला, पैसे दिले आणि गाडी काढली, आणि काढताना गिअर असा काही करकरला की पोरगा परत हसला.

घरी येईपर्यंत मी आत्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं असेल असं नाही, ती आपली बाहेर बघत होती. मला राग नक्की कशाचा आला होता हे मला दोन दिवस कळलं नाही. त्या बिचाऱ्या काकांचा मूड घालवला म्हणून, का चारचौघात आमच्या घराचं काढलं म्हणून, का ती बोलली ते शंभर टक्के खरं होतं म्हणून. कारण गाडी पडूनच होती. जपणं वेगळं असतं. कोल्हापूरकरांना ते सांगायला नको, दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा आपण सगळे टाचा वर करून तीच बघत असतो. सोनं लुटायला माणसं येतात हे खरं, पण निम्मी गर्दी त्या गाडीसाठी असते. त्या गाडीच्या मागं वर्षभर कुणीतरी हात काळे करत असणार, त्याशिवाय ती त्या दिवशी अशी रुबाबात येणार नाही. आमच्या फियाटच्या मागं वर्षानुवर्षं कुणी नव्हतं. टपावर गणपतीचं मखर, एक मोडका कूलर आणि गोणपाटांची चवड, एवढंच होतं.

गाडी आजोबांची. १९७०ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधली, हीच पुढं पद्मिनी झाली. शाहूपुरीत आजोबांचं गुळाचं दुकान होतं, मागं वखार. तेव्हा गाडी म्हणजे नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं, मग कधीतरी पत्र यायचं, आणि ते पत्र आल्यावर आजोबांनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले होते, गाडी यायच्या आधीच. गाडी आली तेव्हा घरात कुणालाच चालवता येत नव्हती. ड्रायव्हर ठेवला. त्या ड्रायव्हरकडून पहिल्यांदा कोण शिकलं असेल तर आत्या. विद्यापीठाकडं तेव्हा रस्ते मोकळे असायचे, तिथं ती बावीस वर्षांची पोरगी पातळ नेसून फियाट चालवायची आणि लोक सायकली थांबवून बघायचे. तिच्या मागून बाबा शिकले, बाबांना लायसन्स मिळालं, आणि त्यानंतर किल्ली बाबांच्या खिशात असायची. कुणी आत्याला चालवू नकोस असं म्हणालं नाही. कुणी चालव असंही म्हणालं नाही. हे मी आत्ता लिहितेय तितकं सरळ मला लहानपणी कधी दिसलं नव्हतं, आमच्यासाठी आत्या म्हणजे मागच्या सीटवर मधोमध बसून आम्हा पोरांना दोन्हीकडून आवळून धरणारी बाई.

मला आठवते ती गाडी वासाची. गूळ, पेट्रोल आणि उन्हात तापलेलं रेक्झिन. आजोबा गाडीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, न्यायचे नाहीत, त्यासाठी टेंपो होता, पण नमुन्याचे खडे त्यांच्या खिशात, डॅशबोर्डच्या कप्प्यात, सीटच्या फटीत कायम असायचे आणि म्हणून गाडीत बारा महिने मुंग्या. पुढची सीट अख्खी, बाकड्यासारखी, कारण गिअर खाली नव्हताच, स्टेअरिंगच्या दांड्याला होता. बाबा दांडी ओढून पहिला टाकायचे तेव्हा त्यांचं कोपर माझ्या कपाळाला लागायचं. दाराच्या पुढच्या बाजूला ती त्रिकोणी काच, ती फिरवली की वाऱ्याचा झोत बरोबर तोंडावर. जोतिबाला जाताना मी त्या झोताखाली तोंड उघडं ठेवून बसायचे आणि गुलाल खात यायचे. आणि सकाळी थंडीत बाबा चोक ओढून सेल्फ मारायचे तो आवाज, आधी कुरकुर, मग एक ठसका, मग चारही सिलिंडर धरले की तो भरीव आवाज. आम्ही अंथरुणात असताना त्या आवाजावरून ओळखायचो की आज बाबा बाहेरगावी चाललेत.

१९९१ला आजोबा गेले. बाबांनी नंतरही गाडी काही वर्षं चालवली, पण दारात मारुती आली होती आणि ती सकाळी एका किल्लीत चालू व्हायची, तिला चोक-बिक भानगड नव्हती. एका दिवाळीत फियाटची बॅटरी उतरली. दुकानातल्या चार हमालांनी ढकलत नेऊन वखारीत लावली. तात्पुरती.

त्यानंतर ती विकली का नाही? ह्याचं उत्तर लोक स्वतःच देतात, "आठवण म्हणून ठेवली ना?" नाही हो. आरसी आजोबांच्या नावावर. वारस तीन, बाबा, पुण्याचे काका आणि आत्या. दुकानाच्या वाटणीवरून बाबा आणि काकांचं वाजलं होतं, आणि गाडी विकायची तर काकांची सही लागणार, सही मागायची तर फोन करायला लागणार, आणि फोन आधी कुणी करायचा ह्यावर दहा-बारा वर्षं गेली. मग काका गेले, मग बाबा गेले. आता सह्या वाढल्या. गाडी आमच्या प्रेमामुळं टिकली नाही, आमच्या अबोल्यामुळं टिकली. ज्यांच्या घरात बोलचाल होती त्यांच्या फियाट केव्हाच भंगारात गेल्या.

२०१९च्या पुरात पंचगंगेचं पाणी वखारीत शिरलं. गाडीच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत आलं होतं, रिमवर ती चिखलाची रेघ नंतर कित्येक महिने दिसायची. २०२१ला परत. गाळ काढायला जे लोक आले त्यांनी विचारलं हिचं काय करायचं, एक भंगारवाला वजनावर घेतो म्हणाला, आणि तेव्हासुद्धा आम्ही म्हणालो, बघू. शेवटी वखारीची जागा डेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं आणि बिल्डरला जागा रिकामी हवी होती, त्यामुळं गाडीचं काहीतरी करणं भाग पडलं. तारीख आली म्हणून आम्ही हललो. नाहीतर अजून तिथंच असती.

मामा आले ते उद्यमनगरातून, कोल्हापूरच्या वर्कशॉप-कारखान्यांच्या भागातून. मामा म्हणजे नात्यातले नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. आयुष्य फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरमध्ये गेलेलं, आता गॅरेज मुलगा बघतो आणि मुलाला ह्या गाड्यांत इंटरेस्ट नाही. मला वाटलं होतं ते आधी बॉनेट उघडतील. त्यांनी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि नाक लावलं. मग मला म्हणाले, "ताई, वास घ्या." पेट्रोलचा वास नव्हताच. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याच्या दुकानात येतो तसला आंबूस, डोक्यात जाणारा वास. पेट्रोल उडून गेलेलं, मागं राहिला होता तो त्याचा साका, तळाला तांबूस चिकट थर. ते पेट्रोल भरलं गेलं तेव्हा पंपावर अजून शिसंवालं पेट्रोल मिळत होतं, २००० सालापासून ते बंद झालं. म्हणजे टाकीत जे वाळून बसलं होतं ते गेल्या शतकातलं. माझा भाऊ नवी बॅटरी घेऊन तयारच उभा होता, "मामा, सेल्फ मारून बघूया का एकदा?" मामांनी त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि लांब ठेवली.

त्याचं कारण मला नंतर कळलं. उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून जातं, पिस्टनच्या रिंगा तिथंच गंजून चिकटतात. त्यात जोरानं सेल्फ मारला तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा पडतो, आणि जे इंजिन थोड्या धीरानं सुटलं असतं त्याला बोअरला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायला, न्यायची वेळ येते. मामांनी चारही प्लग काढले, भोकातून डिझेल आणि तेल मिसळून सोडलं आणि निघून गेले. मधून मधून यायचे, परत थोडं सोडायचे, पुलीच्या नटाला पाना लावून नुसता हाताचा भार द्यायचे, हलत नाही म्हटल्यावर चहा प्यायचे आणि जायचे. भाऊ वैतागला, हा माणूस टाइमपास करतोय म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं खरं तर. मग एक दिवस पाना बोटभर सरकला. मामांनी तो लगेच उलटा बोटभर आणला. मग परत. अर्धा तास नुसतं तेवढंच, बोटभर पुढं, बोटभर मागं, आणि कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसताना पहिल्यांदा हसले. "इंजन जाम न्हाई. नशीब म्हणा."

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. टाकी खाली उतरवून आत बारीक खडी टाकून खळखळ हलवली, आतनं जे निघालं ते बघवत नव्हतं. कार्बोरेटर उघडला तर फ्लोट जागच्या जागी चिकटलेला, जेटची भोकं बुजलेली. एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकून बसला होता, तो तसाच ठेवून इंजिन फिरवलं असतं तर तो व्हॉल्व्ह ढकलणारा पुशरॉड वाकला असता. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि मधल्या पाण्याच्या वाटा गंजाच्या चिखलानं भरलेल्या. सीटच्या आतल्या काथ्यात उंदरांच्या किती पिढ्या नांदून गेल्या देव जाणे. तिथंच एक पावतीपुस्तक सापडलं, अर्धं कुरतडलेलं, आजोबांच्या अक्षरातलं, रव्यांचं वजन आणि भाव. आत्यानं ते उचललं, धूळ झटकली आणि पर्समध्ये टाकलं, कुणाला दाखवलं नाही.

मग गाडी चालू झाली.

तो दिवस तुम्ही आमच्या फॅमिली ग्रुपवर असता तर बघितला असता. भावानं व्हिडिओ काढला. आधी कुरकुर, सायलेन्सरमधून एक काळा ढग, दोन बॅकफायर, आणि मग धरली. पुण्याचा चुलत भाऊ, जो ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग टाकतो, त्यानं रडके इमोजी टाकले. कॅनडातल्या बहिणीचा फोन आला. माझ्याही घशात काहीतरी आलं होतं, खोटं कशाला सांगू. आणि ह्या सगळ्यात मामांनी आत हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. भाऊ म्हणाला, "अहो मामा, राहू दे की जरा." मामा हात पुसत म्हणाले, "थांबती का बघूया आधी. मग चालवूया."

थांबत नव्हती. ब्रेकचा पेडल सरळ खाली जात होता. जगाला दाखवायचा भाग तिथं संपला आणि कुणालाही न दाखवता येणारा सुरू झाला, आणि खरं काम ते होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी वर्षानुवर्षं चाकाजवळच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये बसून आतून धातू खातं, वरून कळत नाही. त्यात पुराचं पाणी ड्रममध्ये शिरलेलं, गाळ वाळून ब्रेकशूला धरून बसला होता. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचा नट मामांनी सैल केला तेव्हा आधी पाणी आलं, स्वच्छ, मग ताकाच्या रंगाचं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी तेल. २०१९चं पाणी होतं ते, नाहीतर २०२१चं. पंचगंगा आमच्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये इतकी वर्षं मुक्कामाला होती आणि आम्ही वरच्यावर मखर ठेवत होतो.

इथं मला उद्यमनगरचं मनापासून कौतुक वाटलं. मी त्याच शहरात वाढले, पण त्या गल्ल्यांत कधी गेले नव्हते, आपल्याला काय काम तिथं. दुपारी उन्हाचं गेलं की लोखंडाचा तापलेला वास आणि कटिंग ऑइलचा पांढरा धूर. एका दुकानात फक्त बोअरिंग, पलीकडं फक्त गिअरचे दात, त्याच्या पलीकडं एक माणूस नुसते बुश बनवतो. आमचे व्हील सिलिंडर आतून खाल्लेले होते आणि सगळे नवे मिळेनात. मामांनी ते लेथवर आतून मोठे करून घेतले आणि त्यात बाही, म्हणजे धातूची नळी, बसवली. ज्या माणसानं बाही बसवली तो बोलायलाही तयार नव्हता, त्यानं कॅलिपर लावला, कागदाच्या कपट्यावर एक आकडा लिहिला आणि परत मशीनकडं वळला. संध्याकाळी नेलं तर रबर आत असं गेलं, ना सैल ना घट्ट. मी पुण्यात पंधरा वर्षं प्रेझेंटेशन बनवण्याचं काम केलंय, मला त्याचा हेवा वाटला.

पार्टांचं एक वेगळंच दुखणं. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर हे सगळं मिळायचं, कारण हजारो टॅक्सीवाल्यांना रोज लागायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली, वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, निरोप दिले, हळहळले. मामांना त्यातलं काही नव्हतं, त्यांचा हिशोब साधा होता, टॅक्सी गेली म्हणजे दुरुस्तीचं किट बनवणारा आता किट बनवणार नाही. गाडी जिवंत ठेवतो तो तिचा फोटो काढणारा नव्हे, ती रोज घासून झिजवणारा, हे मला तेव्हा पटलं आणि थोडं टोचलंही, कारण मी त्या दिवशी पद्मिनीचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांतली.

ब्रेक झाले तरी गाडी नीट चालेना. सरळ रस्त्यावर मिसिंग मारायची, म्हणजे चारपैकी एखादा ठोका मधूनच गिळायची. प्लगची ठिणगी पाडणारे पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेवला, प्लग बदलले, तरी तेच. नवा कंडेन्सर टाकला, दोन दिवस बरी चालली आणि परत. मामांनी गॅरेजच्या माळ्यावरच्या एका डब्यातून जुना, वापरलेला कंडेन्सर शोधून काढला आणि तो बसवल्यावर थांबलं. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. त्यांच्याकडं लाइट होता पण त्यांनी तो वापरला नाही, डिस्ट्रिब्युटर हातात धरून केसभर इकडं, केसभर तिकडं करत ऐकत राहिले. आत्या अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. मामा म्हणाले, झालं. आत्या मान वर न करता म्हणाली, "नाही. दादा होते तेव्हा असा आवाज नव्हता, मागं एक टिकटिक येतेय." मामा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटचं कव्हर काढलं. एकाचा गॅप जास्त होता. त्या दिवसापासून ते तिला बाई म्हणायला लागले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

आणि मग पन्हाळा. वाघबीळच्या पुढं चढ लागला की भर उन्हात गाडी गपकन बंद. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून असतो, तो तापला की नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पुढं काही जातच नाही. उपाय जुना आहे, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. आम्ही बसलो. मामा आताच्या पेट्रोलला शिव्या देत होते, लगेच उडतंय म्हणत होते, शिवाय आता २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा डायफ्राम आणि सगळ्या नळ्या त्यासाठी बदलाव्या लागल्या. गंमत अशी की समोर दोन्ही बाजूला ऊसच होता. आमच्या मामेभावांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथं इथेनॉल बनतं, ते त्यावर खूश आहेत, आणि बिल वेळेवर आलं तर का नसावेत. ज्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना उभा केला त्यांचेच रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने. तेव्हा हे दोन धंदे एका माणसाच्या दोन खिशांत होते, आता एकाचा माल दुसऱ्याचं रबर खातोय. फडकं वाळेपर्यंत मी हाच विचार करत बसले होते, आत्या मात्र झाडाखाली झोपली.

कागदांचं सांगायचं तर, गाडी भंगार होती तोवर सहीला कुणी नाही म्हणालं नसतं, व्हिडिओ फिरल्यावर सगळ्यांना आठवण झाली की आपण वारस आहोत. पुण्याच्या चुलत भावानं "सहज" विचारलं की अशा गाड्यांना आता किती येतात. माझ्या सख्ख्या भावानं वेबसाइटवर बघितलेसुद्धा होते. मालक वारला की नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, बाकीच्यांची संमती लागते, आणि ती संमती कुणाच्या बाजूनं द्यायची ह्यावर जुनी वाटणी परत बाहेर यायला लागली. शेवटी कॅनडातली बहीण म्हणाली, आत्याच्या नावावर करा ना. सगळे गप्प झाले. तिनं कधीच मागितली नव्हती, म्हणून तिला द्यायला कुणाची हरकत नव्हती. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमानं व्हीए सिरीजची व्हिंटेज पाटीही मिळते, भावाला ती फार हवी होती, पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामाला. आत्यानं विचारलं, "म्हणजे भाजी आणायला न्यायची नाही?" नाही. "मग ती पाटी घरात लावा." साधं पुन्हा रजिस्ट्रेशन केलं.

आता ती चालते. नीट चालते. पहिल्या सेल्फला धरते, चढाला दम टाकत नाही, ब्रेक दाबला की सरळ थांबते. आणि मला दर रविवारी ती बाहेर काढायची असते, कारण मामांनी बजावलंय, उभी ठेवली की परत सगळं सुरू. खरं सांगू, मला तितकी मजा येत नाही. स्टेअरिंग जड आहे, उन्हात भट्टी होते, सिग्नलला लोक काच ठोठावून आपापल्या वडिलांच्या आठवणी सांगतात आणि मागचा हॉर्न मारत असतो. मला जी हवी होती ती त्रिकोणी काचेच्या झोताखाली तोंड उघडून बसायची गाडी, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून तो झोत लागतच नाही नीट. आत्याला एकदा विद्यापीठाकडच्या रिकाम्या रस्त्यावर मामांनी चालवायला दिली. लायसन्स कधीच संपलंय तिचं. तिनं चप्पल काढली, आरसा सरळ केला, खाली न बघता पहिला, दुसरा, तिसरा टाकला, एकदाही करकर नाही. गोल फिरून आणली, उतरली, "क्लच जरा वर धरतोय" म्हणाली आणि चप्पल घातली. परत मागितली नाही.

आणि गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, विकूया. मला वाटलं चेष्टा करतेय. नाही. "चालती केली ना तुम्ही, मग आता ज्याला रोज चालवायचीय त्याला द्या. तू काय, रविवारी कुत्र्याला फिरवल्यागत नेतेस." मी म्हटलं अगं आजोबांची गाडी, एवढा खर्च, एवढी खटपट. ती म्हणाली, खटपट उद्यमनगरवाल्यांनी केली, तू चहा दिलास. भाऊ भडकला, पुण्याचा चुलत भाऊ त्याहून भडकला, त्यानं ग्रुपवर "आपला वारसा" असा मोठा मेसेज टाकला. आत्यानं त्यावर अंगठा टाकला. मालक तीच आहे, सही तिचीच लागणार, आता कुणाची संमती-बिंमती नाही. मी म्हटलं, बघू. तर म्हणे, बघू तुझा बापही म्हणायचा.

तिनंच मामांना सांगून गिऱ्हाईक शोधलंय. इचलकरंजीचे कुणी गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं आधीच एक पद्मिनी आहे आणि ते ती रोज दुकानाला घेऊन जातात म्हणे, म्हणजे माणूस अगदी बरोबर आहे, काही नाव ठेवायला जागा नाही. शनिवारी बघायला येणार आहेत. वेळ मला कळवायची होती. त्यांना मी सकाळी दहाला बोलावलंय आणि आत्याला अकरा सांगितलंय.